दुसऱ्याच्या चाकात

मी बोलतोय तो जळगावच्या एका काळ्या डॉज मोटारीच्या डाव्या मागच्या चाकातून. मी एक ऑइल सील आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पत्र्याची एक गोल कडी, तिच्या आत चामड्याचा मऊ ओठ आणि त्या ओठाला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढाच माझा देह. गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये जाड तेल असतं. ते वाहत चाकाच्या ड्रममध्ये येऊ नये म्हणून मला तिथं बसवतात. ते आलं तर ब्रेकचे लायनर भिजतात, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही.

मी माझं काम चोख करतो. एक थेंब गळू देत नाही. सगळे माझं कौतुक करतात आणि मला ते ऐकवत नाही. कारण मी या गाडीचा नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. कातडं कापून, दाबून, तेलात मुरवून मला घडवलं. माझ्याबरोबर माझा जोडीदारही घडला. दोघांना मेणकागदात गुंडाळून एका खोक्यात घातलं आणि आम्ही आलो धुळ्याला, आग्रा रोडवरच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात. तिथं फळीवर आमची बरीच वर्षं गेली. आमच्या गाड्या रस्त्यावरून कमी होत गेल्या. खोक्यावर धूळ बसली. शेवटी दुकान बंद करायची वेळ आली, तेव्हा एक माणूस आत आला आणि फळ्या धुंडाळू लागला.

ते अभिमन नाना. देवपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. कापसाच्या एका जिनिंगवाल्याची जुनी, बंद पडलेली डॉज त्यांनी हौसेनं घेतली होती आणि तिच्यासाठी एकेक भाग जमवत होते. आम्हाला पाहिल्यावर त्यांनी मला नखावर नाही, बोटाच्या पेरावर घेतलं. ओठ हळूच दाबून पाहिला. "जिवंत आहे," ते दुकानदाराला म्हणाले.

घरी नेऊन त्यांनी आम्हाला एका पितळी डब्यात एरंडेल तेलात ठेवलं. चामडं सुकलं की मरतं, हे त्यांना माहीत होतं. दसऱ्याला ते अंगणातल्या शेडखालच्या गाडीची पूजा करायचे, तिला झेंडूची माळ घालायचे आणि मग डबा उघडून आम्हाला बोटांनी चोळायचे. तेव्हा त्यांचा मुलगा समाधान शाळेत होता. तो शेजारी उकिडवा बसायचा.

"नाना, हे कधी बसवायचं?"

"इंजिन झालं की. तू आणि मी, दोघं बसवू."

इंजिन काही झालं नाही. कधी शाळेच्या परीक्षा आल्या, कधी घरातली आजारपणं, कधी समाधानचं शिक्षण. समाधान इंजिनियर झाला, पुण्याला गेला, तिथलाच झाला. दिवाळीला यायचा, दोन दिवस राहायचा, शेडकडे बघून हसायचा. नाना दरवेळी डबा काढायचे. तो म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की, नाना." तो वाईट मुलगा नव्हता. त्याला वेळ नव्हता.

पुढं नानांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले. सकाळी घेतलेली गोळी दुपारी आठवायची नाही. पण आमचा डबा ते विसरले नाहीत. रोज सकाळी चहाच्या आधी तो उघडायचा, आम्ही दोघं आहोत ना ते पाहायचं आणि परत झाकण लावायचं. त्यांच्या पत्नी भिकुबाई चहा घेऊन उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "शेत ना दोन्ही? मंग प्या आते." आहेत ना दोन्ही, मग प्या आता.

एके दिवशी घरात फोन आला. भिकुबाईंनी घेतला. जळगावहून कोणी रोनक बोलत होता. त्याच्या घरची जुनी डॉज तो दुरुस्त करत होता आणि तिच्या मागच्या चाकांची सील मिळत नव्हती. कोणाकडून तरी त्याला मास्तरांचं नाव कळलं होतं.

भिकुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, ते देणार नाहीत. मी मागणारही नाही. त्या डब्यावर त्यांचा दिवस उजाडतो. तुम्ही दुसरीकडं पाहा."

रोनकनं दुसरीकडं पाहिलं होतं. ते मला नंतर गॅरेजमध्ये कळलं. नेरी नाक्यापासून आग्रा रोडपर्यंत एक दुकान सोडलं नव्हतं. जुनं, फाटलेलं सील खिशात नमुना म्हणून घेऊन तो फिरायचा. दुकानदार ते मापायचे, मान हलवायचे. या गाड्यांची मापं इंचातली. आजची सीलं मिलिमीटरमधली. एक सैल बसायचं, दुसरं आत जायचंच नाही. शालिग्राम मेकॅनिकनं लेथवर मधली कडी करून एक बसवून पाहिलं. गाडी चौफुलीपर्यंत जाऊन आली आणि ड्रम उघडला तर लायनर तेलानं चिंब.

शालिग्रामनं पान्हा खाली ठेवला होता. "रोनकभाऊ, गाडी चालेल. थांबणार नाही. अशा गाडीत मी नवरी बसू देणार नाही."

नवरी म्हणजे रोनकची बहीण पलक. तिचं लग्न ठरलं होतं. त्यांचे आजोबा लखीचंद शेठ थकले होते. त्यांची एकच इच्छा होती, नातीची बिदाई घरच्या डॉजमधून व्हावी. त्यांच्या बहिणींची झाली होती, मुलींची झाली होती. लग्न तोंडावर आलं होतं. रोनकला दुसरा मार्ग दिसेना. पुन्हा एकदा समोर जाऊन विनवणी करावी, म्हणून तो देवपूरला आला.

तो विनवणी करायलाच आला होता. हे मी मुद्दाम सांगतो. त्याच्या मनात चोरी नव्हती.

भिकुबाई गोळ्या आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. नाना एकटेच उघडा डबा मांडीवर घेऊन बसले होते. दारात एक तरुण उंच मुलगा उभा राहिला, पाठीमागे ऊन. नानांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"समाधान! उना का रे भाऊ?" आलास का रे बाळा.

"नाही, मी…" रोनक म्हणाला.

"बठ्ठं तयार शे," नाना उठत म्हणाले, म्हणजे सगळं तयार आहे. "तुझीच वाट पाहत होतो. हे बघ." त्यांनी डबा पुढं केला.

रोनकनं आम्हाला पाहिलं. त्याचा हात आपोआप खिशात गेला. त्यानं ते फाटकं सील काढून माझ्या शेजारी धरलं. केसाचाही फरक नव्हता.

"बसवतोस ना?" नानांनी विचारलं.

तेव्हा त्यानं आपलं नाव सांगायला हवं होतं. त्यानं मला उचलून तळहातावर घेतलं.

"हो, नाना," तो म्हणाला. "बसवतो."

"ओठाला नख लावू नको हं."

"नाही लावणार."

नाना ओट्यावर खुर्चीत बसले. रोनक आम्हाला डब्यासकट घेऊन शेडकडे गेला. नानांच्या गाडीजवळ क्षणभर थांबला. मग गाडीच्या आडून, शेडच्या मागून तो फाटकाबाहेर पडला. मागं नाना ओट्यावर कान देऊन बसले असतील. आता हातोडीचा आवाज येईल, आता मुलगा हाक मारेल, म्हणेल, नाना, जरा टॉर्च धरा. किती वेळ बसले असतील, कोण जाणे.

मला ओरडता येत नाही. त्याच दिवशी मला ते पहिल्यांदा जाणवलं.

जळगावच्या गॅरेजमध्ये शालिग्राम आम्हाला पाहून खूश झाला. "कुठं मिळालं हे सोनं?"

"धुळ्याला. एका मास्तरांनी दिलं," रोनक म्हणाला आणि हात धुवायला निघून गेला. हातांना फारसं काही लागलं नव्हतं.

शालिग्रामनं पुलर लावून ड्रम काढले, जागा पुसली आणि हलक्या हातानं आम्हाला ठोकून बसवलं, मला डावीकडं, जोडीदाराला उजवीकडं. ज्या कामासाठी आम्ही घडलो होतो ते इतक्या वर्षांनी मिळालं. तेल आलं, मी ते अडवलं. मेहरूण तलावाकडच्या उतारावर शालिग्रामनं करकचून ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. तो आनंदानं ओरडला. मला मात्र डब्याचं झाकण उघडणारी बोटं आठवत होती. उद्या सकाळी डबा शोधता शोधता चहा थंड होईल, असं वाटत होतं.

पलकची बिदाई झाली. गाडीवर फुलं होती म्हणे. बायका रडत होत्या. लखीचंद शेठ पुढच्या सीटवर बसले होते आणि ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "आमच्या रोनकनं उभी केली गाडी. खानदेश पालथा घातला पोरानं." रोनक गाडी चालवत होता.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी तो आजोबांना डॉजमधून दवाखान्यात नेत होता. वाटेत फोन वाजला. हात स्टिअरिंगवर होते, म्हणून त्यानं स्पीकर लावला. मला चाकात काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. तो आवाज मी लगेच ओळखला.

"भाऊ, मी देवपूरहून बोलते. मास्तरांच्या घरून. सील मागायला तुम्ही फोन केला होता ना?"

"हो, मावशी."

"तुम्ही नंतर घरी तर आले नव्हते?"

गाडीचा वेग कमी झाला. "नाही, मावशी. का?"

"डबा सापडत नाही. हे रोज घर उपसून काढतात. म्हणतात, समाधान आला, डबा घेऊन गेला. समाधान पुण्याला आहे, भाऊ. तो आलाच नाही. त्याला फोनवर चोर म्हटले. दोघांचं फार वाजलं. पोरगा पण बोलला नको ते. आता म्हणतो, गाडीपायीच नानांना भास होऊ लागले, गाडी भंगारात देऊन टाका. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, तर हे दिवसभर झोपूनच असतात." त्या थांबल्या. "मला वाटलं, एकदा तुम्हाला विचारावं. राग नका मानू हं. कोणावर उगाच संशय घेऊ नये, पण मनाला राहवेना."

"नाही, मावशी. राग कसला," रोनक म्हणाला.

फोन बंद झाला.

"कसला डबा?" लखीचंद शेठांनी विचारलं.

रोनकनं गियर बदलला. दवाखाना आला. गाडी थांबली, अगदी बेताची, धक्का न देता. पण शेठ उतरले नाहीत. "मी ऐकतोय, बेटा. बोल."

त्यानं सगळं सांगितलं. त्या घरात गेला तेव्हापासून ते शेडमागून बाहेर पडला तिथपर्यंत. शेवटी एवढंच म्हणाले, "तर माझी पलक दुसऱ्याच्या चाकांवर सासरी गेली." मग म्हणाले, "उद्या जा."

रोनक उद्या गेला नाही. उद्या दुकानात माल येणार होता. परवा पाहुणे होते. मग त्यानं ठरवलं की आधी फोन करून सांगावं. मला माहीत आहे, कारण तो गाडीत येऊन बसायचा, नंबर काढायचा आणि पुन्हा फोन खाली ठेवायचा. एकदा तिकडं रिंग वाजली आणि भिकुबाई "हॅलो, हॅलो" म्हणाल्या. त्यानं कट केला. मी माझ्या जागी घट्ट बसून होतो. त्याला भीती वाटत होती आणि मला त्याची कीव येत होती. आणि तरीही मला वाटायचं, जा रे बाबा, जा. तिकडं एक म्हातारा खरं बोलतोय आणि त्याला वेडा ठरवलंय.

अखेर एका सकाळी लखीचंद शेठ स्वतःच येऊन गाडीत बसले. काठी दाराला टेकल्याचा आवाज आला.

"दादाजी, कुठं?"

"धुळ्याला. तू चालवतोस की शालिग्रामला बोलावू?"

एरंडोल, पारोळा मागं पडलं. पांझरेचा पूल ओलांडून आम्ही देवपुरात शिरलो तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला ओळखीचा वाटला, खरं तर मी त्या रस्त्यानं दोनदाच गेलो होतो. फाटक उघडलं. शेठांनी गाडी अंगणातच घ्यायला लावली. इंजिन बंद झालं.

"शेड रिकामी आहे, रोनक," शेठ म्हणाले.

मला दिसत नव्हतं. रोनकचा श्वास मात्र ऐकू आला. शेडखाली नुसत्या विटा होत्या. समाधाननं पुण्याहून फोनवर सगळं ठरवून टाकलं होतं. भंगारवाल्यानं गाडी दोरखंडानं टेम्पोवर ओढून नेली, ती आदल्याच आठवड्यात. रोनक सांगितल्या दिवशी आला असता, तर ती तिथंच उभी असती.

भिकुबाई बाहेर आल्या. रोनकनं हात जोडले असावेत.

"मावशी, मी खोटं बोललो. मी आलो होतो. डबा मीच नेला. नाना मला समाधान म्हणाले आणि मी हो म्हटलं."

मग भिकुबाई हळूच म्हणाल्या, जणू स्वतःशीच, "म्हणजे ह्या खरंच सांगेत." हे खरंच सांगत होते. आणि त्या रडू लागल्या. "मीपण नाही म्हटलं त्यांना. रोज म्हटलं, कोणी आलं नव्हतं. गोळी घ्या आणि झोपा."

"सील काढून देतो, मावशी. शालिग्रामला इथंच बोलावतो, आत्ता."

"आणि मी ते कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं.

रोनकची पावलं विटांपर्यंत गेली आणि परत आली.

भिकुबाईंनी रडणं आवरलं. "माफी माझ्याकडं मागू नका, भाऊ. आत चला. त्यांना सांगा. ते जागे आहेत तोवर."

पण नाना स्वतःच बाहेर आले होते. चपला फरफटत आल्या त्या आवाजावरून मी ओळखलं. ते सरळ आमच्या गाडीपाशी आले. मडगार्डवर हात फिरवला. मग वाकून माझ्याच चाकाच्या आतल्या बाजूला बोट घातलं आणि बोट कोरडं आहे का ते पाहिलं. त्यांच्या आणि माझ्या मधे एक लोखंडी पत्रा होता फक्त.

"गळत नाही," ते म्हणाले.

"नाना," रोनक म्हणाला. "मी समाधान नाही. मी रोनक. जळगावचा. त्या दिवशी मी तुम्हाला फसवलं."

नानांना समजायला वेळ लागला. लखीचंद शेठ काठी टेकत खाली उतरले आणि म्हणाले, "मास्तर, हा माझा नातू. चूक आमच्या घराची आहे."

"रोनक," नाना म्हणाले. नवं नाव वर्गात पाठ करून घ्यावं तसं. "बरं. मग तू मागून तरी पाहायचं होतंस."

यापेक्षा त्यांनी काठी उगारली असती तर बरं झालं असतं.

भिकुबाईंनी समाधानला फोन लावला आणि रोनकच्या हातात दिला. रोनकनं त्याला तेच सगळं पुन्हा सांगितलं. तेवढ्यात नानांनी फोन मागून घेतला.

"भाऊ," ते मुलाला म्हणाले, "तू आला नव्हतास. तुझं बरोबर होतं. मी उगाच तुला चोर म्हटलं. चुकलं माझं."

ज्याचं नेलं, ज्याला खोटं ठरवलं, तोच माणूस त्या अंगणात माफी मागत होता. फोनमधून समाधानचा आवाज आला. "नाना, गाडी मी…" एवढंच. नाना त्याला म्हणाले, "असू दे. तू जेवलास का?"

आम्ही निघालो तेव्हा शेठांनी विचारलं, "मास्तर, एक चक्कर मारता का गाडीतून?" नाना म्हणाले, "नको. ही माझी नव्हे." आणि घरात गेले.

या गोष्टीला फार दिवस झाले नाहीत. रोनकनं खानदेशातले भंगारवाले पालथे घातले, पण नानांच्या गाडीचं एक दारसुद्धा त्याला मिळालं नाही. समाधान मात्र त्याच आठवड्यात पुण्याहून आला आणि पुष्कळ दिवस राहिला, असं भिकुबाईंनी रोनकला फोनवर सांगितलं. नानांच्या वाढवलेल्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा कमी केल्या. रोनक फोन करतो तेव्हा नाना कधी त्याचं नाव विचारतात, कधी विचारत नाहीत.

मी अजून या चाकात आहे. अजून पुष्कळ वर्षं टिकेन, शालिग्राम म्हणतो. गाडी सणावाराला निघते, लोक थांबून बघतात, फोटो काढतात. ब्रेक लागला की ती सरळ उभी राहते आणि कोणीतरी म्हणतंच, काय सुंदर ठेवलीय. त्यांनी माझी वाहवा करू नये, एवढं मला वाटतं.

आणि वाचणाऱ्या भल्या माणसा, तुझ्याकडं माझं एकच मागणं आहे. कधी एखादा थकलेला माणूस दारात तुला पाहून आनंदानं उठला आणि त्यानं दुसऱ्याच्या नावानं तुला हाक मारली, तर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला तरी चालेल. आधी त्याला तुझं नाव सांग.